परसातील सातेरी : मधपेटीचे वर्षभराचे व्यवस्थापन

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मध ही नवलाईची वस्तू नव्हे. जांभूळ, हिरडा, गेळा, अंजनी यांच्या फुलोऱ्यावर पोसलेली मोहोळे झाडांच्या ढोल्यांत, दगडी बांधांच्या कपारींत आणि जुन्या घरांच्या भिंतींत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. मात्र मध काढण्याची जुनी रीत अशी होती की, पलिता पेटवून माश्या हाकलावयाच्या, पोळे मुळापासून कापावयाचे आणि अंडी-पिल्लांसकट ते पिळावयाचे. एका वेळच्या मधासाठी संपूर्ण वसाहत नष्ट होत असे. १९४६ साली महाबळेश्वर येथे मधमाशीपालनाच्या संघटित कार्यास प्रारंभ झाला आणि लाकडी पेटीत माश्या पाळण्याची रीत आसपासच्या खेड्यांपर्यंत पोहोचली. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयाचे काम महाबळेश्वरहूनच चालते. पुण्यास १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित करण्यात आले.

एवढा वारसा लाभलेला असूनही, पेट्यांचे वाटप झालेल्या गावांतून एक खेदजनक दृश्य वारंवार आढळते. फाल्गुन-चैत्रात माश्यांसह घरी आलेली पेटी दिवाळीच्या सुमारास रिकामी झालेली असते. कोणी ती पडवीत उलटी घालून बसावयास घेतो, तर कोणाच्या पेटीत कोंबडी अंडी उबवीत असते. “आम्हांला माश्या लाभल्या नाहीत” असे घरमालक सांगतो. वास्तविक येथे दैवाचा संबंध फार थोडा असतो. माश्या बहुधा आषाढ-श्रावणात गेलेल्या असतात, आणि त्या जाण्याची कारणे ज्येष्ठ महिन्यापूर्वीच त्या पेटीत निर्माण झालेली असतात. म्हणून परसातील मधपेटीचे वर्ष मधाच्या हंगामापासून न मोजता मृग नक्षत्रापासून मोजणे अधिक योग्य होय.

कोणती माशी पाळावी?

महाराष्ट्रात सामान्यतः पाच प्रकारच्या मधमाश्या आढळतात. उंच कड्यावर अथवा मोठ्या वृक्षावर एकच प्रचंड पोळे बांधणारी आग्या माशी पेटीत राहत नाही. झुडपाच्या फांदीवर तळहाताएवढे पोळे करणारी फुलोरी माशीही पाळण्यायोग्य नाही. भिंतींच्या फटींत राहणारी, नांगी नसलेली पोयाची माशी मध अत्यल्प देते, जरी औषधी म्हणून त्या मधास मागणी असते. पेटीत नांदतात त्या दोन : आपली सातेरी आणि युरोपीय वंशाची मेलिफेरा. १९६२ साली हिमाचल प्रदेशातील नगरोटा येथे मेलिफेराचा भारतात यशस्वी प्रवेश झाला. तिचे उत्पन्न सातेरीच्या कितीतरी पट असते, हे खरे. परंतु तिला मोहरी, सूर्यफूल यांसारख्या पिकांचे विस्तीर्ण क्षेत्र लागते आणि फुलोऱ्यामागे पेट्या गाडीतून गावोगाव हलवाव्या लागतात. तो पूर्ण वेळचा धंदा आहे. ज्याच्या परसात जागा चार पेट्यांचीच आहे आणि ज्याला शेती, गुरे व नोकरी सांभाळून हे काम करावयाचे आहे, त्याने सातेरीच पाळावी. दोन्ही जाती एका ठिकाणी शेजारी ठेवू नयेत. टंचाईच्या काळात सबळ मेलिफेरा दुबळ्या सातेरीचा मध लुटून नेते.

सातेरी हे नाव तिच्या घररचनेवरून पडले आहे. एकामागे एक अशी समांतर पोळी ती अंधाऱ्या पोकळीत बांधते. दोन पोळ्यांमध्ये माश्यांना फिरण्यापुरते ठरावीक अंतर ती राखते. अमेरिकेतील लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ साली या अंतराचे मर्म ओळखले आणि त्यावरूनच सुट्या, उचलता येणाऱ्या चौकटींची पेटी जन्मास आली. आपल्याकडील सातेरीच्या पेटीत खाली पिल्लांचा कक्ष व वर मधकोठी अशी रचना असते. खालच्या कक्षातील पोळ्यांवर वरच्या कडेस मधाचा पट्टा, त्याखाली पराग आणि मध्यभागी अंडी-पिल्ले असतात. हा वरचा पट्टा माश्यांच्या घरातील कणगी होय. त्यास मनुष्याने हात लावावयाचा नाही.

वसाहतीत एक राणी, हंगामापुरते काही शे नर आणि हजारो कामकरी माश्या असतात. राणी सुमारे सोळा दिवसांत, कामकरी एकोणीस-वीस दिवसांत आणि नर चोवीस दिवसांत पूर्णावस्थेस येतो. कामाच्या हंगामात कामकरी माशीचे आयुष्य जेमतेम सहा आठवड्यांचे असते. या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ असा की, आज फुलावर दिसणारी माशी सुमारे दीड महिन्यापूर्वी घातलेल्या अंड्यातून आलेली असते. जांभळाच्या मोहरावर मोठे मनुष्यबळ हवे असेल, तर त्याची तजवीज दोन महिने आधी व्हावयास हवी. फुले आल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

जागा

पेटीसाठी जागा निवडताना लोक बहुधा फुलांचा विचार करतात, आणि वाऱ्याचा विसरतात. सकाळचे ऊन लाभेल, दुपारी झाडाची सावली पडेल आणि नैर्ऋत्येचा पावसाळी वारा थेट तोंडावर येणार नाही, अशी जागा पाहावी. पेटीचे तोंड पूर्वेस किंवा आग्नेयेस असावे. दीड-दोन फूट उंचीच्या चार पायांच्या घोडीवर पेटी ठेवून प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत ठेवावा, म्हणजे मुंग्या व मुंगळे चढत नाहीत. गोठ्याचा उकिरडा, चुलीचा धूर, रात्रभर जळणारा दिवा आणि मुलांची येण्याजाण्याची वाट यांपासून पेटी दूर असावी. माश्यांच्या उड्डाणमार्गात कोणी उभे राहिले नाही, तर सातेरी सहसा त्रास देत नाही.

पावसाळा : टिकून राहण्याचे चार महिने

महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. दिवसच्या दिवस माश्यांना घराबाहेर पडता येत नाही. पडता आले तरी फुलांतील मकरंद धुऊन गेलेला असतो. अशा वेळी वसाहत साठ्यावर जगते. साठा संपत आला की राणी अंडी घालणे कमी करते, नंतर थांबविते. पोळी रिकामी पडतात, त्यांत मेणकिडा शिरतो आणि एखाद्या उघडीपीच्या दुपारी सर्व माश्या राणीसह पेटी सोडून निघून जातात. मेलिफेरापेक्षा सातेरीत ही घर सोडण्याची प्रवृत्ती अधिक असते. रानावनात राहणाऱ्या प्राण्याचा तो शहाणपणाच म्हणावा लागेल. पालकाचे काम एवढेच की, घर सोडण्याचे कारण तिला मिळू द्यावयाचे नाही.

त्यासाठी पहिली दक्षता मे महिन्यातच घ्यावी लागते. शेवटचा मध काढताना पिल्लांच्या कक्षातील मध काढण्याचा मोह अनेकांस आवरत नाही. हंगामाच्या अखेरीस काढलेला तो किलो-दोन किलो मध म्हणजे आषाढातील उपासमार होय. रोहिणी नक्षत्र निघण्यापूर्वी मधकोठी उतरवून घ्यावी. तिच्यातील रिकामी पोळी गंधकाची धुरी देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात अगर पेटीत ठेवावीत. चांगले बांधलेले पोळे ही मोठीच ठेव आहे. पुढील हंगामात तेच परत दिल्याने मेण घडविण्याचे माश्यांचे श्रम व मध दोन्ही वाचतात.

ज्या वसाहतीत माश्या दोन-तीन चौकटींपुरत्याच उरल्या असतील, ती एकटी पावसाळा काढू शकत नाही. अशा दोन दुबळ्या वसाहती पावसापूर्वी एकत्र कराव्यात. एकीची राणी काढून, दोन्ही कक्षांमध्ये बारीक छिद्रे पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घालून त्या एकावर एक ठेवल्या की, माश्या कागद कुरतडीत हळूहळू एकमेकींत मिसळतात. वास एकरूप झाल्यामुळे मारामारी होत नाही. दोनाची एक झाली म्हणून पालकाला वाईट वाटते, विशेषतः पेट्यांची संख्या कोठे तरी लिहून द्यावयाची असेल तेव्हा. परंतु आश्विनात एक सबळ वसाहत असणे हे भाद्रपदात दोन गमावण्यापेक्षा केव्हाही चांगले, आणि त्या एकीच्या पुढे दोन करता येतात.

पेटीच्या छपरावर गवताची पेंढी अथवा जाड प्लास्टिकचा कागद बांधावा. पेटीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित उतरता ठेवावा, म्हणजे आत आलेले पाणी दाराने बाहेर पडते. दार अरुंद करून तीन-चार माश्या एका वेळी जाऊ शकतील एवढेच ठेवावे. माश्यांनी प्रत्यक्ष झाकलेली असतील तेवढीच पोळी आत राहू द्यावीत व बाकीची काढून घ्यावीत. नव्याने पालन करणारा येथेच चुकतो. भरपूर पोळी म्हणजे भरभराट, असे त्याला वाटते. मेणकिड्याचा पतंग मात्र नेमक्या अशा बेवारस पोळ्यांवर अंडी घालतो. त्याच्या अळ्या मेणातून रेशमी बोगदे करीत जातात आणि आठ-पंधरा दिवसांत पोळ्याचे जाळे होते. दर आठ-दहा दिवसांनी तळपाट काढून त्यावरील मेणाचा कचरा खरवडून जाळून टाकावा. या एका कामात खर्च काहीच नाही, आणि तेच सर्वांत अधिक टाळले जाते.

आता खाद्याविषयी. साखर व पाणी समभाग घ्यावे, पाणी उकळून त्यात साखर विरघळवावी आणि पाक पूर्ण निवाल्यावर द्यावा. एका वसाहतीस आठवड्यास साधारणतः २०० ग्रॅम साखरेचा पाक पुरतो. रुंद तोंडाच्या बाटलीच्या झाकणास बारीक छिद्रे पाडून ती चौकटींवर उपडी ठेवावी. बाटली नसेल तर नारळाची करवंटी चालते. तिच्यात काड्या टाकाव्यात, नाही तर माश्या बुडून मरतात. पाक नेहमी सायंकाळी, पेटीच्या आत आणि परसातील सर्व वसाहतींना एकाच दिवशी द्यावा. दिवसा दिलेला किंवा बाहेर सांडलेला पाक लुटारूपणास आमंत्रण देतो, आणि एकदा लूट सुरू झाली की दुबळी वसाहत संध्याकाळपर्यंत शिल्लक राहत नाही. गूळ किंवा काकवी देऊ नये. माश्यांना हगवण लागते. बाजारातील किंवा परक्या वसाहतीतील मधही देऊ नये, कारण त्यातून रोग येतो.

मृगापासून हस्तापर्यंत सुमारे सोळा आठवडे हे खाद्य द्यावयाचे म्हटले, तरी एका वसाहतीमागे साखर सव्वातीन किलोच्या आतच लागते. नीट सांभाळलेली सातेरीची वसाहत वर्षाला साधारणपणे पाच ते दहा किलो मध देते, हे लक्षात घेतले म्हणजे हा खर्च किती अल्प आहे ते कळून येईल. तथापि पेटी, मधयंत्र, धुराचे यंत्र, जाळीचा बुरखा यांची तरतूद अनेकदा केली जाते, आणि तीन किलो साखरेची केली जात नाही. गरीब कुटुंबात आषाढातील साखर प्रथम घरच्या चहासाठी जाते, हे कोणीही समजू शकेल. म्हणूनच ज्या ग्रामपंचायती अथवा सहकारी संस्था पेट्यांचे काम हाती घेतात, त्यांनी पेटीच्या किमतीतच पहिल्या पावसाळ्याची साखर धरावी.

पावसाळ्यात पेटी वारंवार उघडू नये. उघडीप पाहून दुपारी, पाच मिनिटांत काम उरकावे. पिल्ले पाहताना एका रोगाची खूण ओळखता आली पाहिजे. सातेरीच्या पिल्लांना ‘थाई सॅकब्रूड’ नावाचा विषाणुजन्य रोग होतो. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात या रोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या होत्या. रोगट पिल्लू घरात उताणे, डोके वर उचललेले दिसते. चिमट्याने ओढल्यास ते पाण्याने भरलेल्या पिशवीसारखे बाहेर येते. यावर खात्रीचे औषध नाही. रोगट वसाहतीची चौकट दुसऱ्या पेटीत घालू नये, हत्यारे उकळत्या पाण्यात धुवावीत, वसाहत आटोपशीर व खाद्यसंपन्न ठेवावी आणि जी वसाहत रोगातून स्वतःच्या बळावर बाहेर आली तिच्यापासूनच पुढील वाढ करावी.

शरद : वाढीचा काळ

भाद्रपद संपता संपता आकाश मोकळे होऊ लागते. मावळी पट्ट्यात कारळ्याची पिवळी शेते फुलतात, पठारावर तीळ, बाजरी व मका यांचा पराग मिळतो, बोरीला बहर येतो. घाटमाथ्यावर सात-आठ वर्षांतून एकदा कारवी फुलते, त्या वर्षी डोंगरउतार जांभळे होतात आणि माश्यांची तर दिवाळीच असते. मात्र जे झुडूप इतक्या वर्षांनी फुलते, त्याच्या भरवशावर दरवर्षीचा हिशेब मांडता येत नाही.

या काळात पहिली सविस्तर तपासणी करावी. एका घरात एक, तळाशी उभे असे अंडे दिसले, तर राणी आहे व ती चांगली आहे असे समजावे. प्रत्यक्ष राणी शोधत बसण्याची गरज नाही. एकाच घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी चिकटलेली दिसली, तर राणी नाहीशी होऊन कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या आहेत. त्यांतून फक्त नर निपजतात आणि वसाहत संपते. ती वेळीच दुसऱ्या वसाहतीत मिसळून टाकावी. काळी पडलेली, जुनी पोळी काढून टाकावीत व चौकटीत मेणपत्रा द्यावा. फुलोऱ्यातून मकरंद येऊ लागताच पाक कमी करीत आणून बंद करावा.

वसाहत भरली की ती फुटू पाहते. नरांची घरे वाढतात, पोळ्यांच्या खालच्या कडेस शेंगदाण्याच्या आकाराच्या राणीकोठ्या लोंबू लागतात. त्यांकडे दुर्लक्ष झाले, तर जुनी राणी निम्म्या माश्या घेऊन झाडावर जाऊन बसते. फुटण्यापूर्वीच विभाजन करणे हा पालकाचा फायदा. जुन्या राणीसह निम्म्या चौकटी नव्या पेटीत घ्याव्यात, बंद झालेली एक चांगली राणीकोठी जुन्या पेटीत राहू द्यावी, आणि दोन्ही पेट्या मूळ जागेच्या दोन बाजूंस सारख्या अंतरावर ठेवाव्यात. परतणाऱ्या माश्या दोघींत विभागल्या जातात. सहा चौकटींहून कमी माश्या असतील तर विभाजनाचा विचारही करू नये. पेट्यांची संख्या वाढविण्याच्या हौसेपायी केलेली दुबळी विभाजने पुढच्या पावसाळ्यात सर्वांत आधी रिकामी होतात.

हिवाळा

घाटावरील थंडीत माश्या एकत्र गोळा होऊन पिल्लांना ऊब देतात. पिल्लांच्या भागात सुमारे ३४-३५ अंश सेल्सिअस तापमान त्या कायम राखतात, आणि त्यासाठी मध खर्च होतो. पेटी उघडावयाची ती भर दुपारीच. पठारावरील गावांत हाच काळ समृद्धीचा असतो. परसातील शेवगा, शेतातील कोथिंबीर व मोहरी, आणि पुढे फेब्रुवारीच्या सुमारास कांद्याच्या बियाण्याचे गोंडे फुलतात. कांदा बियाणे, सूर्यफूल, कारळा, दोडका, कारली, भोपळा यांच्या फलधारणेस मधमाश्यांची मोठी मदत होते. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटरच्या परिघात चरते, म्हणजे एका परसातील चार पेट्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिवाराचेही काम करतात. असे असूनही फवारणीच्या वेळी शेजाऱ्याला त्यांची आठवण राहत नाही. पीक फुलावर असताना कीटकनाशक शक्यतो टाळावे. अटळ असेल तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी फवारावे व आदल्या दिवशी पेटीवाल्यास कळवावे. गावात दवंडी देण्याची वा ध्वनिक्षेपकावरून सूचना देण्याची पद्धत आहेच. त्याच सूचनेत हे एक वाक्य सहज सामावते.

उन्हाळा : मधाचा हंगाम

माघ संपल्यावर घाटमाथ्यावर फुलोऱ्याची रांग लागते. जांभूळ व अंजनी आधी, हिरडा व गेळा मागून. खालच्या कक्षातील सर्व चौकटी माश्यांनी भरल्या की मधकोठी चढवावी. आधी चढविल्यास उगाच ऊब जाते, उशिरा चढविल्यास वसाहत फुटते. मधकोठी वर असताना साखरेचा एक थेंबही देऊ नये. तो पाक मधकोठीत जाऊन बसतो, आणि मग त्यास मध म्हणता येत नाही.

मध केव्हा काढावा, याचे उत्तर माश्याच देतात. मकरंदातील पाणी पंखांच्या वाऱ्याने उडवून तो पक्व झाला, की त्या घरावर मेणाचे झाकण घालतात. पोळ्याची निदान तीन-चतुर्थांश घरे झाकली गेल्यावरच चौकट काढावी. मधातील पाण्याचे प्रमाण शेकडा वीसपर्यंत असावे. घाईने काढलेला पातळ मध आंबतो, आणि आंबलेल्या मधाची एक बाटली त्या गावाच्या पुढील दहा बाटल्यांचे गिऱ्हाईक घालविते. झाकणे सुरीने छिलून चौकट मधयंत्रात फिरविली की मध बाहेर पडतो आणि पोळे अखंड राहते. ते लगेच माश्यांना परत द्यावे. मध गाळून, ओलावा नसलेल्या काचेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात भरावा. थंडीत मधात साखरेसारखे कण धरतात. त्यावरून तो भेसळीचा ठरत नाही; भांडे कोमट पाण्यात ठेवल्यास तो पुन्हा पातळ होतो. येथे अंगणवाडीसेविका व शिक्षकांनी पालकांना सांगावयास हवी अशी एक गोष्ट आहे : एक वर्षाच्या आतील बालकास मध चाटवू नये. काही वेळा मधात असणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे इतक्या लहान मुलास गंभीर विषबाधा होऊ शकते.

उन्हाच्या तडाख्यात पेटीवर ओले पोते टाकावे. जवळच पसरट मातीच्या परळात खडे घालून पाणी ठेवावे, म्हणजे माश्या खड्यांवर बसून पितात आणि गावच्या पाणवठ्यावर गर्दी करीत नाहीत. वेडा राघू हा पक्षी या दिवसांत तारेवर बसून माश्या टिपतो. त्यास हुसकावण्यापलीकडे काही करू नये. गांधीलमाशीचा उपद्रव मात्र गंभीर असतो. तिचे घर शोधून, जाणकाराच्या हातून रात्री काढून टाकणे हाच उपाय.

पेटी हाताळताना फिक्या रंगाचे कपडे घालावेत, अत्तर वा उग्र तेल लावू नये, आणि वाळक्या शेणीचा किंवा काथ्याचा थोडा थंड धूर द्यावा. डंख झाल्यास नांगी चिमटीत न दाबता नखाने लवकर खरवडून काढावी. एखाद्यास अंगभर गांधी उठणे, तोंड सुजणे किंवा श्वास कोंडणे अशी लक्षणे दिसली, तर घरगुती उपाय करीत न बसता त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे.

मोजणी कोणाची?

योजनेचे यश मोजताना सामान्यतः वाटलेल्या पेट्यांचा आकडा धरला जातो. तो चैत्रातील आकडा असतो. त्याऐवजी दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ग्रामसेवकाने पेटीचे झाकण उघडवून, किती पेट्यांत अंडी घालणारी राणी आहे आणि किती चौकटींवर माश्या आहेत, एवढे दोन रकाने भरले, तर त्या गावातील मधमाशीपालनाची खरी स्थिती एका पानावर दिसेल. ज्या वाडीत वसाहती टिकल्या तेथील पालकास, ज्या वाडीत गेल्या तेथे पुढील मे महिन्यात एक दिवस बोलवावे. बाहेरच्या तज्ज्ञाच्या व्याख्यानाहून अशी भेट पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. ग्रामपंचायतीच्या वृक्षलागवडीतही शोभेच्या झाडांपेक्षा जांभूळ, करंज, शेवगा, रिठा, हिरडा, चिंच यांस अग्रक्रम द्यावा, आणि बांधावरील जुनी ढोलीची झाडे सरसकट तोडू देऊ नयेत. पेटीसाठी पकडावयाची वसाहत अखेर त्याच ढोलीतून यावयाची असते.

शाळेने यात एक काम करावे, जे दुसऱ्या कोणाकडून होणार नाही. फुलोऱ्याचे वेळापत्रक पुस्तकातून घेता येत नाही. एकाच तालुक्यात कोकणकड्याजवळील वाडीत आणि दहा कोसांवरील पठारी गावात ते निराळे असते. वरच्या वर्गातील मुलांनी दर शनिवारी गावशिवारात कोणती झाडे, पिके व झुडपे फुलली आहेत, माश्या कोणत्या फुलांवर बसतात आणि पायांवर कोणत्या रंगाचा पराग घेऊन परततात, हे एका वहीत लिहावे. एक वर्षाची वही अपुरी असते. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्यावर त्यांतून मधकोठी कोणत्या आठवड्यात चढवावयाची, पाक कोणत्या आठवड्यात सुरू करावयाचा आणि विभाजनास कोणता काळ चांगला, हे त्या गावापुरते निश्चित सांगता येते. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात न ठेवता ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ठेवावी, म्हणजे पेटीवाल्यांना ती केव्हाही पाहता येईल.